दावं कापता येतं, पिंजऱ्याचं काय?

प्रति,
मा. जिल्हाधिकारी
तथा अध्यक्ष, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण,
कोल्हापूर

महोदय,



पावसाळ्याच्या तोंडावर आपल्याकडे मान्सूनपूर्व आढावा बैठक होते. पाटबंधारे, महावितरण, महापालिका, पोलीस, आरोग्य, पशुसंवर्धन अशा सगळ्या खात्यांचे अधिकारी जमतात. बोटी किती चालू आहेत, कुठल्या गावाची माणसं कुठल्या शाळेत न्यायची, जनावरांना चारा कुठून आणायचा, हे तिथं ठरतं. त्या बैठकीत आणखी एक विषय घ्यावा, एवढ्या विनंतीसाठी हे पत्र लिहितो आहे. आपल्या जिल्ह्यातल्या औषधनिर्माणशास्त्राच्या आणि वैद्यकीय शिक्षणाच्या संस्थांत संशोधनासाठी प्राणी पाळले जातात. पांढरे उंदीर, ससे, गिनीपिग. महापूर आला, आग लागली किंवा चार दिवस वीज गेली तर या प्राण्यांचं काय करायचं, हे कुणी आणि केव्हा ठरवायचं याचं उत्तर जिल्ह्याच्या आराखड्यात असायला हवं.

मी पशुवैद्यक आहे. उमेदीची वर्षं गोठ्यांत गेली, पुराच्या छावण्यांत जनावरं तपासली, आणि आता एका संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीवर पशुवैद्यक सदस्य म्हणून काम करतो. प्राण्यांवर प्रयोग व्हावेत की नाहीत, हा वाद मोठा आहे आणि तो मी इथं काढत नाही. प्रयोग आज चालू आहेत, कायद्यानं चालू आहेत, आणि त्यासाठी पिंजऱ्यात ठेवलेला प्रत्येक जीव आपल्याच जिल्ह्यात, आपल्याच नदीच्या खोऱ्यात आहे.

ऑगस्ट २०१९चा महापूर आठवावा. चिखली-आंबेवाडीत बोटी पोचल्या तेव्हा कित्येक माणसं बोटीत बसायला तयार नव्हती, कारण म्हशी गोठ्यात होत्या. बाहेरून आलेल्यांना तो अडाणी हट्ट वाटला असेल. आम्हाला तसं वाटलं नाही. ज्या घरात दोन वेळच्या धारेवर संसार चालतो, तिथला माणूस जनावर बुडताना बघून बोटीत कसा बसेल? तरीही त्या शेतकऱ्याच्या हातात एक शेवटचा उपाय होता. पाणी गोठ्यात शिरलं की विळ्यानं दावं कापायचं आणि जनावर सोडून द्यायचं. म्हैस पोहते. उंचवटा सापडला की त्यावर जाऊन उभी राहते, कधी दुसऱ्याच गावात सापडते. सगळी वाचत नाहीत, पण धडपडायची संधी प्रत्येकीला मिळते. पुढं २०२१मध्ये पाणी त्याहून वर चढलं, तेव्हा याच गावांतली बरीच माणसं रस्ता बुडायच्या आधीच जनावरांसकट बाहेर पडली होती. दोन वर्षांत गावं शिकली आणि प्रशासनही शिकलं.

पिंजऱ्यातल्या उंदराला ही संधी नाही. त्याचं झाकण बाहेरून बंद असतं. ते उघडून त्याला सोडून देणंही योग्य नाही, कारण त्याच्या अंगात प्रयोगाचं औषध असतं, कधी मुद्दाम घडवलेला आजार असतो. असा प्राणी पुराच्या पाण्यात, वस्तीत जाऊ देणं हा माणसांनाच धोका. म्हणजे त्याला सुटता येत नाही आणि आपल्याला त्याला सोडता येत नाही. ज्यानं झाकण लावलं, त्याच्यावरच त्या जिवाची सगळी जबाबदारी येते.

प्राणीगृह ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. बहुतेक ठिकाणी ही इमारतीच्या मागच्या बाजूची, एका दाराची खोली असते. लोखंडी मांडणीवर ओळीनं प्लास्टिकचे पिंजरे, वर स्टीलच्या जाळीचं झाकण, जाळीच्या खोलगट भागात खाद्याच्या कांड्या, शेजारी तिरकी टेकवलेली पाण्याची बाटली, तळाशी भाताचं तूस. प्रत्येक पिंजऱ्यावर कार्ड असतं. त्यावर जात, नर की मादी, वजन, प्रयोगाचा क्रमांक. बारा तास उजेड, बारा तास अंधार. परिचर आत आला की लाल डोळ्यांचे पांढरे उंदीर मागच्या पायांवर उभे राहून नाकं हलवायला लागतात. दार उघडलं म्हणजे कुणीतरी खायला घेऊन आलं, एवढं त्यांना पक्कं कळलेलं असतं.

आपल्याकडच्या औषधनिर्माण महाविद्यालयांत मधुमेहावर पुष्कळ काम चालतं. त्यासाठी उंदरांना स्ट्रेप्टोझोटोसिन नावाचं द्रव्य टोचून मधुमेह घडवतात. मोठा निरोगी उंदीर दिवसाला साधारण २५ ते ३० मिलिलिटर पाणी पितो. मधुमेही उंदीर शंभराच्या वर जातो. म्हणजे तीनशे मिलिलिटरची बाटली एका पिंजऱ्यातल्या तीन निरोगी उंदरांना तीन दिवस पुरेल, पण तीन मधुमेही उंदरांना ती एक दिवसही धड पुरणार नाही. त्यांचं तूस रात्रीत चिंब होतं आणि सकाळी दार उघडलं की अमोनियाचा वास डोळ्यांना झोंबतो. आता समजा, सोमवारी संध्याकाळी बाटल्या भरून परिचर घरी गेला, रात्रीत पाणी रस्त्यावर आलं आणि तो पलीकडं अडकला. बुधवारी सकाळी त्या खोलीत काय असेल? इमारतीच्या पायरीलाही पाणी लागलेलं नसेल आणि आतले मधुमेही उंदीर तहानेनं मरायला टेकलेले असतील.

हे मुद्दाम सांगतो, कारण "आम्ही उंचावर आहोत, आमच्याकडं पूर येत नाही" हे उत्तर मी अनेकदा ऐकलं आहे. विद्यापीठाचा परिसर उंच माळावर आहे, इतरही काही संस्था उंचावर आहेत, हे खरंच. पण २०१९मध्ये शिंगणापूर आणि बालिंगा इथली उपसा केंद्रं बंद पडली आणि जिथं पुराचं पाणी गेलंच नव्हतं त्या पेठांत, उपनगरांत लोक टँकरच्या रांगेत उभे राहिले. पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ बुडाला आणि कितीतरी दिवस शहरात ट्रक आला नाही. पेट्रोल-डिझेल अत्यावश्यक सेवेसाठी राखून ठेवावं लागलं. वीज उपकेंद्रांत पाणी शिरलं. उंचावरच्या प्राणीगृहालाही पाणी लागतं, वीज लागते, जनरेटरला डिझेल लागतं, पुण्या-मुंबईकडून येणारं खाद्य लागतं आणि रोज येणारा माणूस लागतो. पूर त्या पाचही गोष्टी एकाच रात्रीत तोडतो.

आणि पूर हा एकच धोका नाही. उलट वारंवार येणारा धोका विजेचा आहे. एका संस्थेत तपासणीच्या वेळी मी विचारलं, वीज गेली तर? "जनरेटर आहे," असं उत्तर मिळालं. मी जनरेटर दाखवा म्हणालो. तो आवाराच्या सगळ्यात सखल कोपऱ्यात, रस्त्याच्या पातळीच्याही खाली, जमिनीवरच बसवलेला होता. डिझेलचा कॅन रिकामा. आणि विचारल्यावर कळलं की प्राणीगृहातल्या वातानुकूलन यंत्राची लाइन जनरेटरवर घेतलेलीच नाही. त्यात कुणाची दुष्टबुद्धी नव्हती. तो प्रश्न आधी कुणी विचारलाच नव्हता. एप्रिलच्या दुपारी बंद खोलीत सशांचं काय होतं ते पशुवैद्यकाला ठाऊक असतं. सशाला घाम येत नाही, तो कानांतून उष्णता बाहेर टाकतो. खोली तापत गेली की आधी धापा टाकतो, मग आडवा पडतो, आणि संध्याकाळी वीज येईपर्यंत सगळं संपलेलं असतं.

साहेब, आता मला विचारलं जाईल तो प्रश्न मीच मांडतो. माणसं छपरांवर अडकलेली असताना उंदरांची चिंता करायची का? नाही. त्या दिवशी एकही बोट, एकही जवान, एकही टँकर माणसांच्या आधी प्राणीगृहाकडं वळता कामा नये, हे माझंही ठाम मत आहे. म्हणूनच ही तयारी आधी हवी. ज्या संस्थेकडं पंधरवड्याचं खाद्य, साठवलेलं पाणी, वरच्या मजल्यावर राखलेली खोली आणि राहायला तयार असलेली दोन माणसं आहेत, ती संस्था पुराच्या दिवशी आपल्या नियंत्रण कक्षाला फोन करणार नाही. ज्या संस्थेकडं यातलं काही नाही, तीच ऐन वेळी कुणालातरी पाण्यात उतरवेल. बहुधा पगारानं सगळ्यात लहान असलेल्या माणसाला.

दुसरं म्हणणं असं की, ते प्राणी शेवटी मरणारच असतात. हे मला मान्य नाही. समिती एखाद्या प्रयोगाला मंजुरी देते तेव्हा किती प्राणी, कशासाठी, किती वेदना, शेवट कशा पद्धतीनं, हे सगळं तपासून देते. बंद पिंजऱ्यात पाणी नाकाशी येईपर्यंत जाळीला चिकटून राहिलेल्या जिवाचा शेवट कुठल्याही समितीनं मंजूर केलेला नसतो. शिवाय तो प्रयोग वाया गेला की पुन्हा तितकेच प्राणी वापरावे लागतात. प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम १९६०चं कलम ३ सांगतं की, प्राणी ज्याच्या ताब्यात आहे त्यानं त्याच्या भल्यासाठी आणि अनावश्यक यातना टाळण्यासाठी सर्व वाजवी उपाय करायचे आहेत. ज्या शहरात २०१९ला राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली आणि २०२१ला ५६च्या वर, तिथं पुराची तयारी हा वाजवी उपाय नाही असं कोण म्हणेल?

जगानं हा धडा फार महागात घेतला आहे. जून २००१मध्ये अमेरिकेत ह्यूस्टनला अ‍ॅलिसन नावाच्या वादळाचा पाऊस झाला. तिथलं वैद्यकीय केंद्र जगातल्या मोठ्या केंद्रांपैकी एक. प्राणीगृहं तळघरांत होती. टेक्सास विद्यापीठाच्या वैद्यकीय शाळेतली माकडं, कुत्रे, ससे, उंदीर असे हजारो प्राणी एका रात्रीत बुडाले. शेजारच्या बेलर वैद्यकीय महाविद्यालयातले तीस हजारांवर लहान उंदीर गेले. संशोधकांची कित्येक वर्षांची मेहनत त्यांच्याबरोबर गेली. २००५मध्ये कतरिना वादळात न्यू ऑर्लिन्सला, २०१२मध्ये सँडी वादळात न्यूयॉर्कला तेच झालं. पण ह्यूस्टननं प्राणी तळघरातून वर हलवले, पूररोधक दारं बसवली आणि वादळाच्या काळात आतच मुक्काम करणारी पथकं नेमली. २०१७मध्ये हार्वी वादळानं ते शहर पुन्हा बुडवलं तेव्हा अ‍ॅलिसनसारखा संहार झाला नाही. प्रयोगशाळेतल्या प्राण्यांच्या देखभालीची जी अमेरिकी मार्गदर्शिका जगभर वापरतात, तिच्या २०११च्या आवृत्तीत आपत्तीचा आराखडा बंधनकारक मानला आहे. त्यातली एक सूचना मला आपल्यासाठी मोलाची वाटते. हा आराखडा संस्थेच्या कपाटात न ठेवता स्थानिक आपत्ती यंत्रणेच्या हातात द्यावा आणि सगळ्या परिसराच्या आराखड्यात जोडून घ्यावा, असं ती सांगते. आपल्या बाबतीत ती यंत्रणा म्हणजे आपण. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम २००५ प्रमाणे प्रत्येक जिल्ह्याचा आराखडा असतोच. त्यात प्राणीगृहांच्या तयारीची पानं जोडायची आहेत.

कोल्हापूरला एक गोष्ट अनुकूल आहे. आपला पूर सांगून येतो. पूर्वी जुनी माणसं शिवाजी पुलाची मच्छिंद्री ही खूण बघून पुराचा अंदाज बांधत, आज मोबाइलवर तासातासाला फूट आणि इंच येतात. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे किती उघडले हे पोरालाही माहीत असतं. बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट ही धोका पातळी. प्राणीगृहाचा आराखडा याच फुटांना बांधावा, म्हणजे ऐन वेळी कुणाच्या धीरावर किंवा घाबरटपणावर काही अवलंबून राहणार नाही. जुलै-ऑगस्टमध्ये नवे प्राणी मागवायचे नाहीत, पैदाशीसाठी नव्या जोड्या लावायच्या नाहीत, लांबवता येणारे प्रयोग लांबवायचे. पाणी ३९ फुटांवर आलं की पिंप भरायची, तूस आणि खाद्य वर चढवायचं, मुक्कामी माणसं बोलवायची. ज्या संस्था सखल भागात आहेत त्यांनी ४३ची वाट न बघता पिंजरे वरच्या मजल्यावर न्यायला सुरुवात करायची. कुठले पिंजरे आधी न्यायचे, याची यादी दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेली हवी. रात्री दोन वाजता, टॉर्चच्या उजेडात, पहारेकऱ्यालाही ती वाचता आली पाहिजे.

दुसऱ्या संस्थेत प्राणी हलवू, असं सहज म्हटलं जातं. ते सोपं नाही. एका वसाहतीतले उंदीर दुसऱ्या वसाहतीत नेले की एकाचे जंतू दुसऱ्याला लागतात आणि दोन्हीकडचं काम बिघडतं. वेगळी खोली आधी राखून ठेवावी लागते, दोन संस्थांत लेखी करार लागतो, वाहन ठरलेलं लागतं. आपल्या जिल्ह्यात उंचावरच्या आणि सखल भागातल्या संस्थांच्या अशा जोड्या लावणं शक्य आहे, पण त्या संस्था एकमेकींशी स्पर्धा करतात आणि आपण होऊन बोलणार नाहीत. जिल्हाधिकाऱ्यांनी बोलावलं तर बोलतील.

यात सगळ्यात कठीण भाग मरणाचा आहे आणि तोच बहुतेक आराखड्यांतून गाळला जातो. काही प्राणी हलवता येणार नाहीत. शस्त्रक्रिया झालेले, फार आजारी, संसर्ग दिलेले. त्यांच्यापर्यंत पाणी किंवा तहान पोचण्याआधी त्यांना वेदनेशिवाय मरण देणं हेच त्यांच्यासाठी करता येण्याजोगं शेवटचं चांगलं काम असतं. ते करण्याचा निर्णय पाणी दारात आल्यावर घ्यायचा नसतो. त्या वेळी प्राचार्यांचा फोन लागत नाही, औषधाच्या कपाटाची किल्ली शहराबाहेर असते, आणि उरलेला तरुण संशोधक विद्यार्थी, ज्यानं ते प्राणी महिनोन् महिने हाताळले, एकटाच उभा असतो. मी अशा विद्यार्थ्यांना ओळखतो. त्यांच्यावर ही वेळ आणणं क्रूर आहे. म्हणून कुठल्या परिस्थितीत, कुणाच्या सहीनं, कुणाच्या हातून आणि कुठल्या औषधानं, हे समितीनं कोरड्या दिवसांत लिहून ठेवावं. औषधाची मुदत तपासलेली असावी, किल्ल्या दोन माणसांकडं असाव्यात. नंतर मृत प्राण्यांचं काय, हेही ठरवावं. वीज नाही म्हणजे शीतपेटी चालत नाही, रस्ते बंद म्हणजे जैववैद्यकीय कचऱ्याची गाडी येत नाही. ते पिवळ्या पिशव्यांत किती काळ, कुठं ठेवायचे, की खोल पुरायचे, आणि त्याला परवानगी कुणाची, हे प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून आधीच विचारून घ्यावं लागेल. पुराच्या पाण्यात लेप्टोस्पायरोसिसची भीती असतेच, तिच्यात आणखी भर नको.

शेवटी परिचर. हे बहुतेक कंत्राटी, थोड्या पगाराचे, नदीकाठच्या वस्त्यांत किंवा खेड्यांत राहणारे. ज्याचं स्वतःचं घर बुडतं आहे त्याला ड्युटीवर ये म्हणणं चूक आहे. मुक्कामाची माणसं वरच्या भागात राहणारी, स्वखुशीची आणि त्याचा वेगळा मोबदला मिळणारी हवीत, आणि त्यांच्या जेवणाची, अंथरुणाची, धनुर्वाताच्या लशीची सोय हवी. मार्च २०२०ची टाळेबंदी आठवते. नाक्यावर पोलिसाला, प्राण्यांना पाणी घालायला चाललो आहे, हे पटवून द्यायची पाळी त्या माणसांवर आली. पोलिसांचा दोष नव्हता. यादीत ते काम नव्हतं. आपल्या कार्यालयाच्या शिक्क्याचं एक ओळखपत्र त्यांच्या खिशात असतं तर तो प्रश्न उरला नसता.

तेव्हा माझी मागणी थोडक्यात अशी. प्राण्यांवरील प्रयोगांवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय समितीकडं नोंदणी असलेल्या जिल्ह्यातल्या सर्व संस्थांना आपण पत्र पाठवावं. प्राणी किती व कुठले, कुठल्या मजल्यावर, जबाबदार व्यक्ती कोण, जनरेटर कुठं बसवला आहे, पाणी व खाद्य किती दिवसांचं, मुक्कामी माणसं कोण, हे त्यांनी एप्रिलअखेर कळवावं. पशुसंवर्धन उपायुक्तांच्या कार्यालयातल्या एका अधिकाऱ्याकडं हे काम द्यावं. रुग्णालयांची गरज भागल्यानंतरच्या रांगेत डिझेल आणि टँकरसाठी या संस्थांचं नाव असावं. आणि वर्षातून एकदा, जूनच्या आधी, एका तरी प्राणीगृहात प्रत्यक्ष सराव व्हावा. पिंजरे जिन्यानं वर न्यायला किती वेळ लागतो, हे कागदावर कळत नाही.

याला मोठा निधी लागत नाही. नमुना आराखडा मराठीत, परिचरालाही वाचता येईल असा, आम्ही काही पशुवैद्यक आणि प्राध्यापक मिळून विनामूल्य तयार करून देऊ. येत्या मान्सूनपूर्व बैठकीत दहा मिनिटं मिळाली तर तो घेऊन मी स्वतः हजर राहीन.

कळावे,

आपला नम्र,
कोल्हापुरातील एक पशुवैद्यक